नवं व्हायच्या आधी आलेले पाहुणे

सरकारशी माझं पहिलं भांडण पांढऱ्या चादरींवरून झालं. ग्रामीण पर्यटनाच्या योजनेत आमच्या पाड्याला पाहुण्यांसाठी दोन खोल्या मंजूर झाल्या. मग एक दिवस गाडीतून गाद्या, उशा, बादल्या आणि पांढऱ्याशुभ्र चादरींचा गठ्ठा उतरला. बायकांनी चादरी उलगडल्या आणि चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. आमच्यात पांढरं कापड माणूस गेल्यावर अंगावर घालतात. त्याच्यावर पाहुण्याला निजवायचं म्हणजे काय, पोचवूनच यायचं त्याला? मी तालुक्याच्या बाईला तोंडावर सांगितलं, "या घेऊन जा, नाहीतर मी यांची फडकी करीन." ती हसली, पण तिनं वर विचारलं आणि पुढच्या फेरीला फुलाफुलांच्या रंगीत चादरी आल्या. सरकारला सांगितलं तर ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं. फक्त जरा मोठ्यानं सांगावं लागतं.

पोशेऱ्यावरून वर चढलं की डोंगराच्या खांद्यावर आमचा पाडा. घरं थोडी, भात-नागलीची शेतं उतरणीवर, आणि मोबाईलला रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर. तालुक्याची बाई म्हणते ती जव्हारच्या एका दुकानदाराची मुलगी, योजनेच्या कामावर नेमलेली. वयानं माझ्या सुनेएवढी. बाकीचे तिला मॅडम म्हणायचे, मी बाई म्हणायची, आणि ती मला मावशी. पहिल्यांदा स्कूटर घेऊन घाट चढून आली तेव्हा मी म्हटलं, "सरकारी काम आणि सहा महिने थांब. आता पुढच्या साली दिसशील." ती पुढच्याच आठवड्यात आली. पाऊस होता, स्कूटर चिखलात रुतली, तिनं चप्पल हातात घेतली आणि चालत आली. मग मला तिच्यावर चिडायला कारणच उरलं नाही.

मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकले, म्हणून लिहिणं-बोलणं माझ्या गळ्यात. गटातल्या आम्हा बायकांना जव्हारला प्रशिक्षणाला नेलं. चादर कशी दुमडायची, पाणी उकळून कसं ठेवायचं, पाहुणा आजारी पडला तर कोणाला फोन करायचा, हे सगळं चांगलं शिकवलं. मग एक सर आले ते पाहुण्याकडे बघून हसायचं कसं ते शिकवायला. "थोडे दात दिसले पाहिजेत," ते म्हणाले. माझ्या मागून आवाज आला, "दात दाखवायला आपण काय बाजारातले बैल?" सगळा वर्ग पोट धरून हसला आणि सरांना वाटलं, शिकवणं जमलं.

तिथून शिरपामाळावर नेलं. शिवाजी महाराज सुरतेला जाताना तिथं थांबले होते असं सांगतात. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागलेली असते. लोक येतात, वाऱ्यावर उभं राहून फोटो काढतात, काहीतरी खातात आणि आल्या वाटेनं परत. सरांनी विचारलं, "ही माणसं तुमच्या गावापर्यंत का येत नाहीत?" मी म्हटलं, "बोलावलंय कोणी?" सर म्हणाले, "तेच तर आता करायचंय." तेवढं एक वाक्य मला त्यांचं आवडलं.

खोल्या मात्र आम्ही आमच्या पद्धतीनं बांधल्या. पैसे सरकारचे, हात आमचे. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्याला शेणामातीचं सारवण, वर कौलं. संडास तेवढा शहरी, कारण त्यावर बाई अडून बसली, आणि ती बरोबर होती. सारवण वाळलं तेव्हा आम्ही बायका आतच बसून राहिलो. बाहेर जावंसंच वाटेना. आमच्यातल्या एकीच्याही घरात एवढी नीटनेटकी खोली नव्हती.

आमच्या मोखाडा तालुक्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाचा चेहरा पडतो. इथली पोरं उपाशी, एवढंच त्यानं ऐकलेलं असतं. माझ्या लहानपणापासून आमच्याकडे गाड्या आल्या त्या आम्ही किती वाळलोय ते बघायला. पोरांचे दंड मोजले, फोटो काढले, बिस्किटांचे पुडे वाटले, गेले. खोटं नव्हतं ते, भूक होती. पण आम्हीही कोणाला पोटभर वाढू शकतो, हे कधी कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि आता सरकारच सांगत होतं की लोक येतील, तुमच्या पंक्तीला बसतील, तुमच्या हातचं जेवतील. मी तर छाती काढून चालायला लागले. आमचे मालक कमी बोलतात, ते म्हणाले, "हळू, वाटंत खड्डा आहे."

पण पोटातली खरी गोष्ट वेगळी होती. मला माझी सून घरी हवी होती. दिवाळी झाली की मुकादम येतो आणि पाड्यातली जवान माणसं ट्रकमध्ये बसून भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. माझा मुलगा आणि सून दरसाल जायचे. नात भट्टीवरच रांगायला लागली, तिथंच चालायला शिकली, आणि तिथंच विटांच्या थप्पीवर पडून कपाळ फोडून घेतलं. यंदा तिचं नाव शाळेत घातलं होतं. ट्रकमध्ये बसली की शाळा सुटली. खोल्यांवर पाहुणे सुरू झाले तर सून चुलीपाशी, मुलगा पाहुण्यांना डोंगर दाखवायला, आणि पोर शाळेत. पण पाहुणे पाठवायचे की नाही हे मुंबईहून येणारी समिती ठरवणार होती. ती एकदाच येणार, बघणार, पसंत पडलं तर आमचा पाडा, नाहीतर दुसरा कुठला. सुनेनं मला एकदाच विचारलं, "आई, व्हईल ना?" मी म्हटलं, "होणार नाही तर जाईल कुठं?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आता आमच्या रीतीचं सांगायला हवं. शेतात भात पिकला म्हणून आम्ही तो लगेच शिजवून खात नाही. आधी भगत गावदेवाला देतो, कणसरीला देतो, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला, मग घरोघरी आपल्या गेलेल्या माणसांना देतात, आणि मग आपण. याला आम्ही नवं करणं म्हणतो. नवं होईस्तोवर नव्या भाताचा दाणा तोंडात नाही, मांडवावरचं तवस नाही. तवस म्हणजे आमची मोठी काकडी. आणि तारपाही भिंतीवरून खाली उतरत नाही. वाळल्या भोपळ्याचा आणि बांबूचा तो तारपा वाजला की सगळा पाडा कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतो. तेव्हा बाईशी बसून मी तारीख जुळवली होती. आधी पाड्याचं नवं, पाठोपाठ समिती. समितीच्या पानावर नवा भात, तवस किसून नव्या पिठात उकडलेल्या गोड सावेल्या, आणि जेवण झालं की तारपा. मनातल्या मनात मी तर त्या समितीला नाचायलाही लावलं होतं.

आणि नवं तोंडावर आलं असताना पाड्यातली सगळ्यांत थोरली डोकरी गेली. सकाळी अंगणात सूप घेऊन बसली होती, दुपारी पडवीत आडवी झाली ती झालीच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सावेल्या करायला तिनं शिकवलं होतं. पहिल्या खेपेला माझ्या सावेल्या फुटल्या तर म्हणाली, "फुटंना का, पोटात जाऊन फुटायच्याच आहेत." मी खूप रडले. आणि रडता रडता, देवाशपथ सांगते, माझ्या मनात तारीख येऊन गेली. कारण पाड्यात कोणी गेलं की त्या माणसाचे दिवस होईपर्यंत नवं थांबतं. एका घराचं नाही, सगळ्या पाड्याचं. समिती नेमकी त्या मधल्या दिवसांत येणार होती. तारपा वाजवणारा तर डोकरीचाच मुलगा.

मी कातळावर चढून बाईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं, हळहळली, आणि म्हणाली की तारीख हलवून बघते. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. चेहऱ्यावरूनच कळलं. समितीचे पुढचे सगळे दिवस भरलेले, आमच्यासाठी परत फेरी नाही. ती माझ्या ओट्यावर बसली आणि जरा चाचरत म्हणाली, "मावशी, एक सुचवू? साखरशेतकडच्या एका पाड्याचं नवं होऊन गेलंय. त्यांचं तारपा पथक बोलावते. नवा तांदूळही तिथूनच आणू. समितीला काय कळणार आहे?"

"समितीला नाही कळणार," मी म्हटलं. "पण शेजारच्या घरात सुतक, आणि माझ्या अंगणात दुसऱ्याचा तारपा? डोकरीच्या जागेवर अजून दिवा आहे बाई."

तिनं डोळे पुसले. तिच्या मनात पाप नव्हतं, तिला आमचं भलंच हवं होतं. मी तिला चहा दिला, पण साखर घालायला विसरले आणि तिनं तो तसाच प्यायला.

संध्याकाळी भगताच्या अंगणात सगळे जमले. माझा मुलगा पहिल्यांदाच मोठ्या माणसांत उभा राहून बोलला. "एका दिसानं काय होतंय? देवाला आधीच द्या ना. डोकरी काय नको म्हणणार होती? तिलाच हौस होती पाहुण्यांची." ते खरंच होतं. खोल्यांचं सारवण बघायला डोकरी काठी टेकत रोज यायची आणि रोज काहीतरी चूक काढायची. पोरांनी माना डोलावल्या. भगत तंबाखू मळत बसला होता. त्याच्याकडून मला आधार हवा होता, पण तो महा बेरकी. म्हणाला, "देवाचा काय, देव थांबंल. त्याला कुठं भट्टीवर जायचाय? तुमचा तुम्ही ठरवा. सरकार पाड्यात हिनं आणला, हिला विचारा." आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

मी काही बोलायच्या आत डोकरीचा मुलगा उठला. डोईचे केस काढलेले, खांद्यावर पंचा. तो माझ्या मालकांपेक्षा धाकटा, मला वयनी म्हणतो. म्हणाला, "वयनी, मी वाजवतो. आई माझी आहे, दोष लागंल तो मला लागंल. तुझी पोरा घरी राहूं दे."

मला पहिला आला तो रागच. एवढा मोठा माणूस, आईला पोचवून आलाय, आणि माझ्या पोरांसाठी आईच्या सुतकात तारपा फुंकायला निघालाय! मी त्याच्यावर ओरडले. "बसा खाली, भावजी! मोठे आले दोष घेणारे! तुमच्या आईनं मला या पाड्यात उभं केलं, आणि तिचे दिवस व्हायच्या आत मी इथं नाचू?" ओरडता ओरडता मला हुंदका आला, आणि त्यालाही. मग मी नाक पुसलं आणि सांगितलं, "समिती येईल. तिला जेवायला घालू. आहे ते सांगू. आवडलं तर आवडलं, नाहीतर त्यांचा रस्ता त्यांना ठाऊक आहे." मुलगा ताडकन उठून गेला. सून गेली नाही. ती खाली मान घालून मातीत बोटानं रेघा ओढत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

ठरवणं सोपं होतं, वाढायचं काय? त्या दिवसांत आमच्या कणग्या, म्हणजे धान्याच्या बांबूच्या टोपल्या, तळाला लागलेल्या असतात. जुनं संपत आलेलं, नवं शेतात डुलतंय, आणि आपण दोन्हीच्या मधे. बाहेर बघावं तिकडे पिवळाधमक भात, आणि घरात कणगीत हात घातला तर तळाचा बांबू हाताला लागतो. सून म्हणाली, "रेशनचा तांदूळ आहे थोडा."

"अगं सरकारला सरकारचाच तांदूळ वाढू?" मी म्हटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो.

मग मी टोपली घेऊन निघाले. घरोघरी म्हटलं, गेल्या सालचं जे असेल ते द्या. कोणी मूठभर नागली दिली, कोणी उडीद, कोणी जपून ठेवलेला जुना तांदूळ. एका घरात नागली आणि खुरासणी इतकी थोडी होती की मी म्हटलं, राहू दे. ती बाई माझ्यावरच उखडली. "माझ्या घरचा नको का पाहुण्याला?" मी गुमान टोपली पुढे केली. डोकरीच्या घरचं सुतकाचं, ते घेता येत नाही, तर डोकरीच्या मुलानं रानातून चुलीसाठी लाकडं आणून माझ्या कुंपणाबाहेर ठेवली. तेही चालत नाही म्हणे, पण भगतानं तिकडे पाठ फिरवली आणि आम्ही लाकडं आत घेतली.

समिती आली. एक मोठ्या मॅडम, एक टोपीवाले साहेब आणि फोटो काढणारा. आमची बाई त्यांच्या मागे, चेहरा उतरलेला. मी हात जोडले. दात दाखवले नाहीत. म्हटलं, "तुम्ही आलात, आमचा पाडा मोठा झाला. पण आमच्याकडे माणूस गेलंय, म्हणून पाड्याचं नवं झालेलं नाही. आज नवा भात नाही, सावेल्या नाहीत आणि तारपाही वाजणार नाही."

टोपीवाले साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "मग आम्हाला दाखवणार काय?"

"आधी हात धुवा," मी म्हटलं. "जेवण दाखवते."

बाईनं कपाळाला हात लावला. पण मोठ्या मॅडम हसल्या आणि खरोखरच हात धुवायला गेल्या, मग साहेबांनाही जावं लागलं. पळसाची पानं मांडली. नागलीची भाकर, उडदाचं वरण, जुन्या तांदळाचा भात, खुरासणीची चटणी, आणि सुकट खाणाऱ्यांना सुकट. दुसऱ्या भाकरीला साहेबांनी आपणहून पान पुढे केलं. मॅडम जेवता जेवता समोरच्या शेताकडे बघत होत्या. "एवढं पिकलंय समोर," त्या म्हणाल्या, "मग हे धान्य कुठलं?"

मी काही सांगणार नव्हते. पण सून वाढत होती, ती बोलून गेली. "घराघरातून मागून आणलाय. कणग्या रिकाम्या झाल्यात ना."

मॅडमचा हात पानावरच थांबला. मी सुनेकडे असं बघितलं की ती दोन पावलं मागे सरकली. हे असंच होतं आमचं. आता या मॅडमनाही आमची भूक दिसणार, कीव येणार, आणि मग बिस्किटांचे पुडे. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "काय झालं? नावडलं का? आमच्यात पानावर हात आखडला तर घरचीला राग येतो."

त्यांनी वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण कीव नव्हती, मला तेवढं कळतं. म्हणाल्या, "आखडत नाही. अजून अर्धी भाकर द्या." आणि पान पुसून जेवल्या. जेवणानंतर त्यांनी खोल्या बघितल्या, चादरीवर हात फिरवून "छान रंग आहेत" म्हणाल्या. मी आमच्या बाईकडे बघितलं, तिनं हसू दाबलं. मग त्या डोकरीच्या घरी गेल्या. फोटोवाल्याला बाहेरच थांबवलं. तिथं दिव्यासमोर जमिनीवर बसल्या, डोकरीच्या मुलाला विचारलं, आई कशी होती. तो सांगत राहिला आणि त्या ऐकत राहिल्या. टोपीवाले साहेब दारात घड्याळ बघत उभे होते, मग तेही टोपी काढून बसले.

गाडीत बसताना त्यांनी एवढंच विचारलं, "नवं कधी होईल?" मी म्हटलं, "डोकरीचे दिवस झाले की भगत सांगेल." "बरं," म्हणाल्या आणि गाडी गेली. ना होकार, ना नकार. मुलगा त्या दिवसापासून माझ्याशी बोलेना. जेवायला बसला की भाकर मागायचा ती बायकोकडे. मी शेजारी बसलेली असूनही. माझा स्वभाव असा की मीही विचारलं नाही. चुलीपुढे बसून मात्र डोकरीला म्हणायची, "बघ गं बाई, तुझ्यापायी काय काय ऐकून घेते."

दिवस झाले. भगतानं नव्याचा दिवस सांगितला. मी कातळावर जाऊन बाईला बोलावणं केलं. पहाटेपासून पाडा गजबजला. गावदेवाला नवा भात गेला, कणसरीला गेला, गेलेल्यांना गेला. यंदा त्यांत डोकरीचं नाव सगळ्यांत आधी घेतलं. मी सावेल्यांचं पीठ मळत होते, हात कोपरापर्यंत भरलेले, तेवढ्यात बाईची स्कूटर आली. ती हेल्मेट न काढताच धावत आली आणि काय बोलतेय ते मला ऐकूच येईना. "अगं ते डोक्यावरचं काढ आधी!" मी ओरडले.

तिनं काढलं. आमचा पाडा निवडला होता. पाहुणे दिवाळीच्या सुट्टीपासून. रस्त्याच्या चढाला काँक्रीट, खोल्यांना सोलर दिवे, तारप्याच्या पथकाला दरसालची मदत. "आणि मावशी, मोठ्या मॅडमनी एक नियम घालून दिलाय. तुमचं नवं झाल्याशिवाय या पाड्यात पाहुणे पाठवायचे नाहीत. तारीख ऑफिसनं ठरवायची नाही, पाड्याला विचारायची. आमच्या साहेबांनी आत्ताच मला सांगितलं, पुढच्या साली मावशींना आधी फोन कर."

सरकार आमच्या भगताला तारीख विचारणार! भगताला सांगितलं तर तो म्हणाला, "विचारूं दे. सहा महिने थांब म्हणून सांगीन." सगळा पाडा खो खो हसला. माझा मुलगा मागे उभा होता. तो पुढे आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आई, एक सावेली दे." माफी नाही, काही नाही. मी त्याला फुटलेली दिली, तेवढा तरी राग काढायला नको?

उन्हं कलल्यावर डोकरीच्या मुलानं तारपा भिंतीवरून काढला. आधी फुंक नीट लागेना. मग लागली. आम्ही कमरेत हात घातले, बाईलाही ओढून घेतलं. एका बाजूला माझी सून, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे ती जव्हारची दुकानदाराची लेक, पाय चुकवत, हसत. मला इतकं भरून आलं की तालाकडे लक्षच राहिलं नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा माझाही पाय चुकला.

दिवाळीच्या सुट्टीत पहिले पाहुणे आले, ठाण्याचं एक कुटुंब, आजी-आजोबांसकट. पहिल्या दिवशी चालून चालून दमले, जेवले आणि फुलाफुलांच्या चादरींवर आडवे झाले ते सकाळी उन्हं आली तरी उठेनात. सून चूल पेटवून अंगण झाडत होती. नात, शाळेला सुट्टी असली तरी पाहुण्यांना दाखवायला म्हणून, शाळेचा ड्रेस घालून पायरीवर वेणी घालून घ्यायला बसली होती. तेव्हा मुकादम आला. दरसालसारखा कुंपणाच्या बाहेरूनच हाका मारत, पाड्याला जाग येईल असा. ट्रक खाली उभा आहे, आवरा, उशीर नको, बोचकी बांधा. त्याच्या आवाजाला माझी सून आजवर उलट एक शब्द बोललेली मी ऐकली नव्हती.

सुनेनं खराटा खाली ठेवला. कुंपणापाशी गेली आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला," ती म्हणाली. "आत आमचे पाहुणे निजलेत."

मुकादमानं खोल्यांकडे बघितलं, माझ्या मुलाकडे बघितलं, मग नातीच्या शाळेच्या ड्रेसकडे. आणि हा माणूस, ज्यानं आमच्या अंगणात कधी आवाज खाली केला नव्हता, तो अगदी कुजबुजल्यासारखा म्हणाला, "बरं बाई, येतो मी."